लाईन देण्याबाबत

टीना कापगतेनं शाळा सोडली ती लाईनपायी. कोणत्या लाईनपायी हे विचारायचं नाही, कारण सारं भांडण तिथंच सुरू झालं.

अकरावीचा इंग्रजीचा तास होता, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. टीनाची जागा खिडकीजवळ. खिडकीतून गावचा तलाव दिसायचा, तलावाच्या पाळीवरून विजेची तार गेलेली अन् तारेवर एक खंड्या पक्षी बसलेला. खाली शिंगाड्याच्या वेलाचं पांघरूण घेऊन पाणी झोपलेलं. वाऱ्यानं तार हलली का खंड्या हलायचा, खंड्या हलला का पाण्यातला खंड्या हलायचा, अन् टीना त्या दोघाईच्या मधात कुठंतरी झुलत राहायची. तेवढ्यात मधुकर सरांनी विचारलं, "कापगते, लाईन म्हणजे काय?"

टीना अजून तारेवरच होती. म्हणाली, "लाईट, सर. कालपासून आमच्याकडं नाही."

सारा वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, "लाईन म्हणजे रेषा! शंभर वेळा लिहून आण."

आता टीनाचं डोकं म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. एक पंप मारला का भडका. "मंग काल ग्राउंडवर तुम्ही पोट्ट्याईले म्हणाले लाईन लावा, तवा त्याईनं रेषा काढायची होती का? अन् तुमचे मेव्हणे एसटीवर ड्रायव्हर आहेत. तुम्हीच सांगता, ते लाईनवर गेले म्हणून. मंग ते काय रेषेवर गेले का, सर?"

"बाहेर!" सर ओरडले.

सरांच्या बाहेरचा अर्थ होता व्हरांडा. टीनानं त्याचाही अर्थ आपल्या मनानं घेतला अन् थेट घरी आली. दप्तर तिथंच राहिलं. पाण्यातला खंड्याही तिथंच राहिला.

टीनाचे पप्पा वासुदेवराव गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. अख्ख्या तालुक्यातले मारके बैल त्याईच्या हातात गाईसारखे उभे राहतात, पण पोरीपुढं त्याईचं काही चालत नाही. वरून पंचाईत अशी का मधुकर सर त्याईचे दोस्त. दोघंही रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून फिरायचे. भांडण झालं तवापासून फिरणं चालू होतं पण बोलणं बंद. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन माणसं मूग गिळून चालायची. वासुदेवरावांले हे सहन होईना. शेवटी त्याईनंच सरांपुढं तोंड उघडलं अन् निकाल लावला.

"शाळा नको, शिलाईच करीन म्हणते ना तू? एक महिना देतो तुले," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपारी चार. तोवर तुही शिलाई मशीन चालू झाली पाहिजे. नाही झाली, तर सर घरी येतीन, तू त्याईची माफी मागायची, अन् सुट्ट्या संपल्या का शाळेत बसायचं."

"अन् झाली तर?"

"तर सर आपली नवीन पँट तुह्याकडं आखूड करायले देतीन. चार बोटं लांब आहे. मी त्याईले विचारलं, ते हो म्हणाले."

माफी हा शब्द ऐकूनच टीनाचे कान तापले. चूक नसताना माफी मागायची, तेही रेषेची! त्या दिवसापासून ती रोज दुपारी तलावाकडं पाहत एकच वाक्य घोटून राहिली. सर दारात येतीन, मशीन घरघरत राहीन, अन् ती मान वर न करता म्हणीन, "या सर. लाईन आली आमच्याकडं." कधी या वाक्यात ती निळा ड्रेस घालायची, कधी पिवळा. सर मात्र दर वेळी तोंड पाडून उभे राहायचे.

मशीन करडी गावच्या मामीनं दिलेली. तिले पायानं चालवायचा पायटा नव्हता, तो केव्हाच मोडीत गेला. नुसती मोटर होती. म्हणजे लाईन असल्याशिवाय ती मशीन म्हणजे काळं लोखंड. अन् बसायची जागा म्हणजे रस्त्यापलीकडची छपरी, तलावाच्या अगदी अंगावर. तिथं आधी वैरण ठेवत. टीनानं ती झाडली, सारवली, खिडकीची मोडकी फळी काढून टाकली. आता तिथं बसलं का डोंग्यात बसल्यासारखं वाटायचं. फक्त लाईन नव्हती. घरून वायर ओढावी तर मधात रस्ता. "रस्त्यावरून वायर चालत नाही," असं वीज ऑफिसचं म्हणणं. "नवीन मीटर घ्या. अर्ज करा."

अर्ज करायचा हे कळताच छपरीच्या शेजारच्या आनंदाबाई पदर खोचून आल्या. आनंदाबाई म्हणजे गावातलं न मागता सल्ला देणारं ऑफिस, ज्याले रविवारचीही सुट्टी नाही.

"जास्त लिहू नोको वो पोरी," त्या म्हणाल्या. "बाबू लोकाईले वाचायचा कंटाळा रायते. माह्या घरकुलाचा अर्ज दोन पानाचा होता, म्हणून तीन वर्सं लागले. थोडक्यात लिही. अन् थोडी कळवळून लिही."

टीनानं थोडक्यात लिहिलं अन् कळवळूनही लिहिलं:

"विषय: लाईन देण्याबाबत. महोदय, मी टीना वासुदेव कापगते, वय सतरा. मला लाईनची अतिशय गरज आहे. गावात सगळ्यांना लाईन मिळते, मग मलाच का नाही? तरी लवकरात लवकर मला लाईन द्यावी ही नम्र विनंती. मी दिवसभर छपरीतच असते."

आनंदाबाईनं ऐकलं अन् डोळे पुसले. "लय मस्त लिवलं," म्हणाल्या.

एक कागद वीज ऑफिसले दिला. एक ग्रामपंचायतीत, नाहरकत दाखल्यासाठी. आता ग्रामपंचायतीत त्या दिवशी होता कोण, तर गुलाब. गुलाबभाऊ गावच्या नळाचं पाणी सोडतात. त्याईच्या आयुष्यात लाईन एकच, जमिनीखालची. त्याईनं अर्ज वाचला, पोरीचं वाक्य काळजाले लागलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन हजर. टीना येऊन पाहते तर छपरीपर्यंत नाली खोदलेली, पाईप टाकलेला अन् सारवलेल्या भुईच्या मधोमध एक नळ उभा.

"हे काय जी, भाऊ?"

"लाईन देल्ली तुले! एकाच दिवसात. आता नाव काढजो गुलाबचं."

"मले विजेची पाहिजे होती!"

गुलाबभाऊनं पान्ह्यानं डोकं खाजवलं. "मंग तसं लिवाचं ना. आमच्याकडं लाईन म्हणजे पाणीच." त्याईनं तोटी फिरवून पाहिली. पाणी असं जोरात आलं का छपरीतली मशीन न्हाऊन निघाली, टीनाही, अन् सारवलेली भुई तलावात जाऊन मिळाली. गुलाबभाऊ खूश. "प्रेशर पाहा!" म्हणाले.

टीनानं दिवसभर मशीनचा एकेक भाग पुसून उन्हात ठेवला. उन्हात बसल्या बसल्या तिचा राग हळूहळू वाळला. चाकावर पाण्याचा थेंब होता, त्यात अख्खा तलाव उलटा दिसत होता. तिले वाटलं, बरं आहे तलावाचं, उलटा असूनही कोणाले अर्ज करत नाही.

खरी आफत पुढंच होती. त्या अर्जाचा फोटो कोणी काढला हे आजपर्यंत निघालं नाही, पण संध्याकाळपर्यंत तो गावातल्या साऱ्या मोबाईलवर फिरून आला. सतरा वर्षांची पोरगी लिहिते, मले लाईन द्या, मी दिवसभर छपरीतच असते! गावात लाईन मारणारे पोट्टे काही कमी नव्हते, पण लेखी आमंत्रण त्याईले जन्मात पहिल्यांदा आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी छपरीपुढं सहा मोटरसायकली. पुढं पिंटू, केसाले पाणी लावून, डोळ्यावर काळा चष्मा.

"काय वो टीना," तो म्हणाला, "अर्ज मंजूर करायले आलो."

टीनानं वर पाहिलं. मंग तिनं शांतपणे नळाले पाईप लावला अन् गुलाबभाऊचं प्रेशर साऱ्या अर्जदाराईले दाखवून दिलं. पिंटूचा चष्मा तलावात गेला. तो अजूनही तिथंच आहे. एखादा मासा लावून फिरत असला तर सांगता येत नाही.

इज्जत मात्र गेली ती गेलीच. पप्पा दवाखान्यात गेले तर बैलाचा मालक विचारते, "पोरीले भेटली का जी लाईन?" आई पिठाच्या गिरणीत गेली तर बाया गप्प. टीनानं ठरवलं, आता वीज ऑफिसात समोर उभं राहून, तोंडानं, विजेची म्हणून मागायची.

वीज ऑफिस शहापूरच्या पलीकडं, हायवेवर. तिथं गेली तर लाईन. म्हणजे माणसाईची. दीड तास लाईनीत उभी राहून ती खिडकीपाशी आली, तर आतले बाबू म्हणाले, "आता सारं ऑनलाईन."

"मंग हे लोक लाईनीत काहून उभे आहेत?"

"ऑनलाईन होत नाही म्हणून."

टीनाच्या डोक्यातला स्टोव्ह पेटणारच होता, पण बाहेर हायवेवरून ट्रक जाऊन राहिले होते, एकामागं एक, अन् प्रत्येकाच्या मागं धान कापणीची धूळ उडत होती. तिनं तिकडं पाहिलं. मंग पुन्हा बाबूकडं पाहिलं अन् साध्या आवाजात विचारलं, "कोणत्या लाईननं गेली तर लाईन भेटीन, ते तरी सांगा जी." बाबूले ते पटलं. त्याईनं स्वतःच्याच कॉम्प्युटरवर फॉर्म भरून दिला. सर्व्हर तीनदा बसला अन् चौथ्यांदा उठला. मीटर मंजूर झालं. "आता लाईनमन येईन," ते म्हणाले. केव्हा येईन ते त्याईनं सांगितलं नाही, अन् टीनानंही विचारलं नाही. माणसानं सारंच विचारू नये.

लाईनमन कैलाश बारा दिवसांनी आला. रविवारले आता पाचच दिवस राहिले होते. चांगला उंचपुरा माणूस, पण छपरीच्या दारातच थांबला. आत येईना. मान खाली.

"या ना भाऊ," टीना म्हणाली. "लाईन देता ना?"

कैलाशचे कान लाल झाले. "ताई," तो म्हणाला, "मी लग्न झालेला माणूस आहे. तुमचा अर्ज आमच्याही मोबाईलवर आला होता. खरं सांगतो, मी तसा नाही."

टीनानं कपाळावर हात मारला. "विजेची, भाऊ! विजेची!"

"हो का?" कैलाशचा जीव भांड्यात पडला. तो बाहेर येऊन ताराईकडं पाहू लागला. "पण ती बी नाही होत. रस्त्याच्या पोलवरून तार पुरत नाही. जवळचा पोल आनंदाबाईच्या घरामागं, सांदवाडीत आहे. अन् आनंदाबाई तार नेऊ देत नाहीत. मधात त्याईचं पपईचं झाड आहे."

ही गोष्ट खरी निघाली. सल्ला देणाऱ्या आनंदाबाई पपईच्या झाडाले पाठ लावून उभ्या राहिल्या. "झाडाची एक फांदी बी तोडू देणार नाही. या पपईनं माहा गुडघा बरा केला."

"पपईले फांदी नसते, काकू!"

"म्हणूनच तर. जे आहे तेच तोडतीन."

कैलाश निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, स्कुटीवर. रीता तिचं नाव. डिक्कीतून पिशवी काढून ती छपरीच्या दारात अशी उभी राहिली का टीनाले वाटलं, पिशवीत दगड आहेत.

"तूच का ती लाईन मागणारी?"

टीना तेव्हा आईच्या जुन्या लुगड्याले हातानं फॉल लावत बसली होती. तिचे डोळे झोपेत असल्यासारखे, कारण हात चालू असले का ती तलावात असायची. ती नुसती म्हणाली, "हो. पण तुमच्या घरच्याईनं नाही म्हटलं. आनंदाबाईची पपई मधात येते."

रीता काही बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर टाक्यावर पडली. ती खाली बसली. लुगड्याचा काठ उलटून पाहिला. बारीक, सारखे टाके, एकही पुढं-मागं नाही. बराच वेळ ती काठावरून बोट फिरवत राहिली. मंग तिनं पिशवी उघडली. त्यात दगड नव्हते. दोन साड्या होत्या.

"मी भांडायलेच आली होती," ती म्हणाली. "पण या साड्याही सोबत आणल्या, म्हटलं भांडण लवकर उरकलं तर शहापूरले फॉल लावायले टाकता येतीन. दिवाळीपर्यंत होतीन का?"

"लाईन आली तर होतीन."

"येईन," रीता म्हणाली. अन् ज्या सुरात म्हणाली, त्यावरून कळलं का आपल्या नवऱ्याले वरिष्ठ कोण आहे.

आनंदाबाईचा प्रश्न राहिला. तो पाण्यानं सोडवला. त्याईच्या घरचा नळ जुन्या पाईपाच्या पार शेवटाले, तिथं पाणी करंगळीएवढं येते. अन् टीनाच्या छपरीत गुलाबभाऊचं प्रेशर. टीना म्हणाली, "काकू, तार जाऊ द्या, अन् रोज सकाळी माह्या नळावर पाण्याचे गुंड-घागरी भरा." आनंदाबाईनं पपईकडं पाहिलं, मंग नळाकडं पाहिलं. "तार वरूनच तर जाईन ना," त्या म्हणाल्या. "झाडाले काय होते?"

तर असा रविवार उजाडला. सकाळपासून कैलाश पोलवर. तार ओढायले माणसं कमी पडली, तवा पिंटू अन् त्याचे सहा जण आले. चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक करत होता. "मागच्या खेपेस अर्ज नीट वाचला नव्हता," तो म्हणाला, अन् तारेचं टोक खांद्यावर घेतलं. सात पोट्टे एकामागं एक, खांद्यावर तार, तलावाच्या काठानं चालले. टीना खिडकीतून पाहत होती. पाण्यात त्याईची पडछाया पडलेली, वर सात, खाली सात, अन् मधून ती एक काळी बारीक तार. तिले वाटलं, हे असंच चालत राहावं, कुठं पोचूच नये.

पण साडेतीन वाजता पोचलं. कैलाशनं बटण दाबलं. बल्ब लागला, पंखा फिरला. मशीन आधी खोकली, मंग घरघरली, अन् मंग अशी चालली का छपरीतली चिमणी उडून गेली. बरोबर चार वाजता पाळीवरून वासुदेवराव अन् मधुकर सर येताना दिसले. सरांच्या काखेत कागदात गुंडाळलेली पँट.

टीनाचं घोटलेलं वाक्य तयार होतं. ड्रेस निळाही नव्हता, पिवळाही नव्हता, रोजचाच होता, पण वाक्य तयार होतं. सर दारात आले. मशीन चालूच होती. टीनानं मान वर केली नाही. "या सर," ती म्हणाली, अन् पुढचं राहूनच गेलं. कारण सरांचं तोंड पडलेलं नव्हतंच. ते मशीनकडं वाकून, लहान पोरावानी पाहत होते.

"दे पँट," पप्पा म्हणाले. पोरगी हरली तरी त्याईचा जीव जाणार अन् दोस्त हरला तरी.

टीनानं खडूनं खूण केली, कापड दुमडलं, अन् डावा पाय सुईखाली घातला. घरर्र. एका दमात डावा पाय झाला. आई, आनंदाबाई, कैलाश, रीता, दारात पिंटू, सारे श्वास धरून. तिनं उजवा पाय सरकवला, अन् मशीन थांबली. वरचा बल्ब विझला. पंखाही फिरत फिरत मंदावला.

छपरीत अशी शांतता झाली का तलावातल्या माशानं उडी मारली ते ऐकू आलं. अन् त्या शांततेत मधुकर सर कळवळून म्हणाले,

"अरे! आताच कशी लाईन गेली?"

वासुदेवरावांनी हळूच सरांकडं पाहिलं. सरांनी आपल्याच तोंडाकडं पाहता आलं असतं तर पाहिलं असतं. आनंदाबाईनं तोंडाले पदर लावला, पण खांदे हलत होते.

आता बोलायचं होतं टीनानं. महिनाभराचा राग, पोट्ट्याईचे बोल, गिरणीतल्या बाया, सारं एका वाक्यात सांडायची वेळ होती. कोणती गेली, सर? रेषा गेली का? एवढंच. ते वाक्य जिभेवर आलं, तिनं सरांच्या कपाळावरचा घाम पाहिला, अन् वाक्य कुठं गेलं कोणजाणे. तलावात गेलं असन, चष्म्याजवळ.

"गेली, सर," ती म्हणाली. "येईन. कायले चिंता करता."

"वासुदेवराव," सर खोल आवाजात म्हणाले, "माफीचं राहू द्या. माह्या एका पायाची पँट आखूड आहे अन् दुसऱ्याची लांब. असा मी घरी कसा जाऊ?"

"मशीन हातानं फिरते, सर," टीना म्हणाली. "पण मले कापड धरावं लागते. कोणीतरी चाक फिरवलं पाहिजे."

सर खाली बसले. मांडी घातली. अकरावीच्या इंग्रजीच्या सरांनी मशीनचं चाक हातात धरलं अन् हळूहळू फिरवू लागले. टक, टक, टक. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं, पाण्यावरून उसळून छतावर नाचत होतं. नवीन तारेवर खंड्या येऊन बसला. टीनाचे डोळे सुईवर होते, पण तो आलेला तिले कळला.

अर्धा पाय झाला असन, तवा गावातून आरोळी उठली, घराघरातली पोरं ओरडत होती, "आलीऽऽ! लाईन आलीऽऽ!" बल्ब पेटला. कैलाश बटणाकडं गेला, पण वासुदेवरावांनी त्याचा हात धरला.

सर चाक फिरवतच होते. "कापगते," ते म्हणाले, "लाईन सरळ येऊन राहिली ना?"

टीनानं खडूच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हो, सर," ती म्हणाली. "रेषा अगदी सरळ आहे."